गिरणीतले आप्पा, गायतोंडे आणि काळा घोडा : एक निवांत दिवस

अबोली_७९

गेल्या महिन्यात एका बुधवारी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन दक्षिण मुंबईत काळा घोडा भागात गेले होते. फक्त चित्रं बघायला. दुसरं काही काम नव्हतं आणि परतायची घाई नव्हती. मैत्रिणींनी विचारलं, आप्पांना तिथे करमलं का? म्हणून सविस्तर लिहितेय.

आप्पा ७४ वर्षांचे. मूळचे संगमेश्वर तालुक्यातले. अठराव्या वर्षी मुंबईत आले आणि लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात चिकटले. १९८२ च्या संपात ते काम गेलं ते गेलंच. मग उल्हासनगरला कापड रंगवणाऱ्या एका छोट्या प्रोसेस हाऊसमध्ये शेड मॅचिंग, म्हणजे रंगाच्या छटा जुळवायचं काम करत राहिले. सगळं आयुष्य रंगात हात घालून काढलं, पण चित्रांचं प्रदर्शन म्हणून एकदाही पाहिलं नव्हतं. "आपल्याला त्यातलं काय कळणार, बाय" हे ठरलेलं उत्तर. लालबागपासून काळा घोडा किती लांब? बसने अर्धा तास. ते अर्ध्या तासाचं अंतर त्यांनी पन्नास वर्षांत कापलं नाही याची मला खंत होती.

गर्दी ओसरल्यावरची लोकल पकडून सीएसएमटीला उतरलो आणि दादाभाई नवरोजी रोडच्या कमानींखालून सावलीसावलीने चालत गेलो. आधी जहांगीर. १९५२ साली उघडलेली ही गॅलरी मला तिच्या दारावरच्या त्या लाटेसारख्या काँक्रीटच्या छपरासाठीही आवडते. आजूबाजूला सगळी दगडी, कमानींची, घुमटांची दुनिया आणि मध्येच हे साधं, खाली झुकलेलं छप्पर. आत जायला पैसे लागत नाहीत, कुणी हटकत नाही. आप्पा तरी दारात दोनदा थांबले, चपला काढायच्या का म्हणून.

जहांगीरला बहुतेक वेळा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. हॉल मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि मिळतो तो जेमतेम आठवडाभर, त्यामुळे तो माणूस तिथून हलत नाही. त्या दिवशी कोल्हापूरकडचे एक मधल्या वयाचे चित्रकार होते, पावसाळी शेतांची जलरंगातली चित्रं. आप्पांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हा हिरवा तुम्ही बनवता की तयार मिळतो?" ते गृहस्थ उठूनच उभे राहिले. बनवतो म्हणाले, निळ्यात पिवळा घालून आणि वर किंचित लाल टाकून मारतो. आप्पा म्हणाले, "हां, लाल टाकल्याशिवाय हिरवा शांत होत नाही." पुढची वीस मिनिटं दोघं बोलत होते आणि मी बाजूला उभी राहून ऐकत होते. दिवस तिथेच वसूल झाला असता.

बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणाऱ्यांकडे थोडं रेंगाळलो, मग चेतनामध्ये थाळी. त्यानंतर एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. तिकीट २० रुपये. इमारत मूळची सर कावसजी जहांगीर हॉल, सभा आणि मैफलींची. १९९६ पासून ती कला संग्रहालय झाली. समोरचं म्युझियम आणि गेटवे ऑफ इंडियाही ज्याने उभे केले त्या जॉर्ज विटेटचंच काम. आत अर्धगोल दालनं एकावर एक रचलेली आहेत आणि जिन्याने चढत चढत शेवटी घुमटाखाली पोचता. आप्पांच्या गुडघ्यांमुळे आम्ही प्रत्येक मजल्यावर बाकावर बसत गेलो. म्हणून प्रत्येक दालनात एखादं तरी चित्र बसून बघितलं गेलं. इथली प्रदर्शनं बदलत असतात, तेव्हा काय लागलं होतं ते लिहीत नाही.

आता खरं सांगायचं ते. रस्ता ओलांडून म्युझियममध्ये (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) गेलो. बहुतेक लोक तिथे मूर्ती आणि लघुचित्रं बघून परततात. पण दुसऱ्या मजल्यावर पूर्वेच्या बाजूला जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे, २०११ पासून. निकल्सन कापसाचे व्यापारी. १९६८ पासून चित्रं घ्यायला लागले ते २००१ मध्ये जाईपर्यंत. हे सांगितल्यावर आप्पांचा चेहरा बदलला. "कापूसवाला? म्हणजे आपल्याच धंद्यातला."

तिथे चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं एक चित्र होतं. उभं, माणसाएवढं, करड्यातून पिवळसर होत जाणारं, मध्ये कुठे कुठे गडद खुणा तरंगतायत. मी खूप वर्षं गायतोंडे बघतेय, तरी दर वेळी समोर उभी राहिले की पहिला मिनिटभर मनात "आता काय बघायचं?" असंच येतं. आप्पा समोरच्या बाकावर बसले. बसले ते बसलेच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं थकले असतील. मी पुढच्या चित्राकडे गेले, परत आले. तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"बाय, इकडे ये. हा रंग वरून लावलेला नाही. खालून आलाय."

म्हणजे काय विचारलं, तर सांगू लागले. निळीच्या, म्हणजे इंडिगोच्या हौदातून कापड वर येतं तेव्हा निळं नसतंच, हिरवट-पिवळं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. आणि गडद निळा हवा असेल तर एका बुडीत होत नाही. फिकट, वाळव, परत फिकट, परत वाळव. घाई करून एकदम गडद काढलेला रंग नुसता वर बसतो, चोळला की हाताला येतो. पण आठ बुड्यांनी चढवलेला रंग बघणाऱ्याला आतून उजळल्यासारखा दिसतो. "या माणसाने तसंच केलंय. थर दिलाय, काढलाय, परत दिलाय. कुठे काढलाय ते बघ." आणि हात न लावता, हवेतच बोट फिरवून त्यांनी मला ते दाखवलं. डावीकडे खाली, एका गडद खुणेच्या कडेला, खरवडल्यासारखी फिकट रेघ होती आणि तिच्यातून खालचा पिवळा डोकावत होता. मी इतक्या वर्षांत ती बघितली नव्हती.

मग म्हणाले, दिवसाच्या उजेडात बघायला हवं हे. गिरणीत शेड जुळवायची ती उत्तरेच्या खिडकीशी, ट्यूबखाली कधीच नाही. दोन कापडं दिव्याखाली सारखी दिसतात आणि बाहेर नेली की एक लालसर निघतं, एक हिरवट.

सव्वा तास आम्ही त्या दालनात होतो आणि जेमतेम पाच चित्रं पाहिली. प्रभाकर बरवेंचंही एक होतं. त्यांच्याबद्दल मी सांगितलं की हे विणकर सेवा केंद्रात नोकरी करायचे, हातमागाच्या कापडांची डिझाइनं काढायचे. आप्पा म्हणाले, "मग चित्रात इतकी मोकळी जागा सोडायला तिथेच शिकले असणार. साडीत अंग मोकळं सोडलं तर काठ दिसतो."

शेवटी म्युझियमच्या हिरवळीच्या कडेला झाडाखाली बसलो, सहाच्या सुमाराला निघालो. लोकलमध्ये खिडकी मिळाली. आप्पा ठाण्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर सुट्टीच्या दिवशी आलो असतो."

तुम्ही कुणी असे घरातल्या मोठ्यांना घेऊन गेला आहात का? सांगा ना.

---

गेरू

अबोली, डोळ्यांत पाणी आलं. मी कलाशिक्षक आहे, वीस वर्षं मुलांना गायतोंडे समजवायचा प्रयत्न करतोय आणि तुमच्या आप्पांनी एका वाक्यात सांगितलं.

त्यांचं निरीक्षण तंतोतंत आहे. गायतोंडे ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. थर द्यायचे, ओला असताना काही भाग उचलून घ्यायचे, परत पातळ थर द्यायचे. जितका रंग लावला तितकाच काढला. त्यामुळे कॅनव्हास पातळच राहतो, तरी खोल दिसतो. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. बाकीचा वेळ? बसून राहणं, बघणं, वाट बघणं. झेन या बौद्ध विचाराचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना पटायचं नाही, 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाचा शब्द ते वापरत. म्हणजे एखाद्या वस्तूपासून सुरुवात करून तिचा आकार पुसत नेलेला नाही, मुळात वस्तू नव्हतीच. म्हणूनच "हे कशाचं चित्र आहे" हा प्रश्न तिथे लागू पडत नाही. "हे कसं झालं असेल" हा प्रश्न लागू पडतो, आणि आप्पांनी थेट तोच विचारला.

---

वऱ्हाडी_वारा

मस्त लिहिलं ताई. आमच्या विदर्भाची नोंद करून ठेवतो. गायतोंडे मूळ गोव्याच्या घरातले, पण जन्म १९२४ चा, नागपूरचा. चित्रकार रझा आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत गेले. आणि १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट झाला त्या पहिल्या सहांत सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे यांच्यासोबत आमचे हरी अंबादास गाडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. गाड्यांचं नाव आमच्याकडच्या पोरांना माहीत नाही याचं वाईट वाटतं. हुसेन पंढरपूरचे आणि सूझा गोव्यातल्या साळगावचे, हेही आलंच. त्या सहांतले कितीतरी आपल्याच मातीतले निघतात.

---

थेट_सांगतो

लेख आवडला, आप्पांना नमस्कार. पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगायला हवा.

मी बायको-मुलासह एका संग्रहालयात गेलो होतो, नाव घेत नाही. चित्राशेजारच्या पाटीवर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम एवढंच, तेही फक्त इंग्रजीत. दहा मिनिटं उभा राहिलो. काही झालं नाही. मुलाने विचारलं, "बाबा, यात काय आहे?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाप म्हणून त्या क्षणी मला फार लहान वाटलं. आप्पांकडे रंगाचा पन्नास वर्षांचा अनुभव होता. मी बँकेत नोकरी केली. मी कोणत्या दारातून आत जायचं? ही चित्रं माझ्यासारख्यासाठी नाहीत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

अबोली_७९

@थेट_सांगतो, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. पाट्यांबद्दल पूर्ण सहमत. मुंबईत लावलेल्या चित्राशेजारी चार ओळी मराठीत असायलाच हव्यात. हा माणूस कोण, हे कसं केलं. अर्थ सांगू नका, पण कृती सांगा.

दाराबद्दल मात्र मला वेगळं वाटतं. मीही चित्रकलेतली नाही, मी औषधाच्या दुकानात हिशेब बघते. सुरुवातीला मी एक करायचे : दालनात एक फेरी मारायची, कुठेच थांबायचं नाही, आणि मग ज्या चित्राकडे मान परत वळते त्याच्याकडेच जायचं. बाकीची सोडून द्यायची. मुलाने "यात काय आहे" विचारलं की "तुला आधी कुठे बघावंसं वाटलं?" असं उलट विचारायचं. माझ्या भाचीने एकदा सांगितलं, "त्या कोपऱ्यात, कारण तिथे कुणीतरी लपलंय." मग आम्ही दोघी तो कोपरा बघत बसलो.

दहा मिनिटांत काही झालं नाही, हेही ठीकच आहे. मला गायतोंडेंच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या भेटीत काही जाणवलं. आणि हुसेन, आरा यांच्यापासून सुरुवात केलीत तर सोपं जातं. आरांची फुलं, फळं, भांडी बघा. लहानपणी घर सोडून मुंबईत आलेला, लोकांच्या घरी काम केलेला माणूस. त्या भांड्यांत मला ते दिसतं.

---

थेट_सांगतो

मान परत वळण्याची युक्ती करून बघतो. पाट्यांचा मुद्दा मात्र सोडत नाही.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. मी मूळचा गिरगावचा, जहांगीरच्या दारावरून शेकडो वेळा गेलो, आत कधी गेलो नाही. गायतोंडे पहिल्यांदा पाहिले ते न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये, २०१४ च्या हिवाळ्यात. तिथे त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. बाहेर बर्फ, आत ती गोल गोल चढत जाणारी पांढरी वाट, आणि भिंतीवर 'गायतोंडे' हे नाव. मी नावापाशीच पाच मिनिटं उभा होतो. शेजारी एक बाई चित्रासमोर डोळे मिटून उभ्या होत्या.

हा माणूस काही काळ वॉर्डन रोडला, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रं काढायचा, म्हणजे आमच्या घरापासून बसच्या काही थांब्यांवर. माझ्या वडिलांना मी कुठेच नेलं नाही, आता ते नाहीत. अबोली, तुम्ही नेलंत. बरं केलंत.

---

जुनी_मुंबई

जहांगीरबद्दल वाचून सामोवार आठवलं. गॅलरीला चिकटून एक अरुंद, बोळासारखं उपाहारगृह होतं, १९६४ पासून. एका बाजूला म्युझियमची झाडं. पुदिन्याचा चहा घेऊन दोन तास बसलं तरी कुणी उठवायचं नाही. शेजारच्या टेबलावर कफल्लक चित्रकार, कोर्टातले वकील, कॉलेजातली जोडपी. २०१५ च्या मार्चमध्ये ते बंद झालं. शेवटच्या आठवड्यात मी तीनदा गेले. चित्र बघितल्यावर लगेच त्यावर बोलायला जागा लागते, ती सामोवारने दिली होती. ती उणीव अजून भरून निघालेली नाही.

आणि नव्या पिढीसाठी : 'काळा घोडा' म्हणजे आत्ता तिथे उभा आहे तो नव्हे. तो बिनस्वाराचा घोडा २०१७ मध्ये बसवला. मूळचा, सातव्या एडवर्डचा स्वार असलेला पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. अबोली, आप्पांना तिकडे न्या. लालबागहून तर अगदी जवळ, त्यांनी तो लहान वयात पाहिलाही असेल.

---

हर्णैकर

वऱ्हाडी_वारा यांनी बाकऱ्यांचं नाव घेतलं म्हणून लिहितो. त्या सहांतले सदानंद बाकरे हे एकटेच शिल्पकार. इंग्लंडात बरीच वर्षं राहून १९७५ च्या सुमाराला परतले आणि आमच्याकडे, हर्णैजवळ मुरूडला राहिले. २००७ मध्ये गेले. गावात फार कुणाला माहीत नव्हतं की हा माणूस कोण. मी शाळेत होतो तेव्हा समुद्राकडे जाताना ते घर रस्त्यात लागायचं. एकदाही दार वाजवलं नाही.

---

दोघांची_आई

मुलगा ९, मुलगी ६. नेता येईल का? आणि जिने खूप आहेत का, सासूबाईही येतील म्हणतात.

---

अबोली_७९

@दोघांची_आई, नक्की न्या. सोमवारी एनजीएमए बंद असतं, तो टाळा. फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव मुलांना आवडेल, पण चित्रं शांतपणे बघायची असतील तर तो आठवडा सोडून जा. सासूबाईंसाठी आधी फोन करून लिफ्टचं विचारून ठेवा. एनजीएमएचे जिने चढणं-उतरणं बरंच आहे; जहांगीरचे मुख्य हॉल सोयीचे पडतील. आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक झालंय, तिथून चालत जाता येतं. आणि एका दिवसात तीन ठिकाणं मुलांना जड होतील. जहांगीर, जेवण आणि म्युझियमची हिरवळ, एवढंच ठेवा. मुलांना कागद आणि पेन्सिल द्या, एका चित्रासमोर बसून काढू देत.

@जुनी_मुंबई, विचारलं. आप्पा मुंबईत आले तेव्हा घोडा आधीच हललेला होता. पण राणीच्या बागेत त्याच्या सावलीत डबा खाल्लाय म्हणाले, कुणाचा पुतळा ते न विचारता. येत्या रविवारी जातोय.

---

गेरू

अबोली, एक विनंती. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मुलांशी बोलायला आप्पा येतील का? हौद, बुडी, उत्तरेचा उजेड, जे तुम्हाला सांगितलं तेच. येण्या-जाण्याची व्यवस्था आम्ही करू.

---

अबोली_७९

@गेरू सर, वाचून दाखवलं. आधी नाही म्हणाले, भाषण आपल्याला जमत नाही म्हणून. रात्री जेवताना म्हणाले, "बोलायला नको, करून दाखवतो."

आता कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी केलीय, ती तशीच देते : मांजरपाट चार मीटर, धुऊन, खळ काढलेलं. झाकणाची मोठी बादली. इंडिगो. कॉस्टिक आणि हायड्रो (रंगखात्यातली जहाल रसायनं) आणू नये, पोरांच्या हातात नको. त्याऐवजी चुना आणि गूळ, त्यावरही हौद चालतो, फक्त वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी लावून ठेवावा. आणि वर्गात उत्तरेकडे खिडकी आहे का, ते कळवायचंय.